पायली ते किलो : महाराष्ट्रातील धान्यमापनाचे वजनात झालेले रूपांतर

प्रास्ताविक

भारताने दशमान पद्धती स्वीकारली त्या घटनेचा इतिहास बहुधा ‘शेर गेला आणि किलो आला’ अशा सुटसुटीत वाक्यात सांगितला जातो. पाठ्यपुस्तकांतून एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम असे कोष्टक दिले जाते आणि विषय तेथे संपतो. उत्तर हिंदुस्थानातील तराजूप्रधान बाजारपेठेपुरते हे वर्णन बरेचसे योग्यही आहे. महाराष्ट्राच्या बाबतीत मात्र ते अपुरे ठरते. दख्खन, कोकण व खानदेश या प्रदेशांत धान्य मुख्यतः तोलले जात नव्हते, ते मापले जात होते. ज्वारी, बाजरी, भात, तांदूळ व मीठ यांचा व्यवहार पोकळ भांड्याने होई. त्यामुळे येथे जुन्या वजनाच्या जागी केवळ नवे वजन आले नाही. आकारमानाच्या जागी वजन आले, म्हणजे मोजण्याची जातच बदलली.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. एका वजनाचे दुसऱ्या वजनात रूपांतर करावयास एक गुणक पुरतो. आकारमानाचे वजनात रूपांतर करावयाचे झाल्यास पदार्थ कोणता, तो कोरडा की ओलसर, सैल की दाबलेला, भांडे रुंद की उभट, आणि माप काठोकाठ की शिगेचे, एवढे सारे ठाऊक असावे लागते. हे सारे ठाऊक असण्याचे काम कायद्याने कोणावर सोपविले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

कैली आणि वजनी

मराठेकालीन कागदपत्रांत धान्याच्या नोंदीपुढे ‘कैली’ हा शब्द वारंवार येतो. अरबीतील ‘कैल’ म्हणजे मापणे, यावरून तो आला असून त्याचा अर्थ ‘मापाने मोजलेले’ असा होतो. त्याचा जोडशब्द ‘वजनी’. एकाच यादीत गल्ला कैली आणि तूप, गूळ, मसाल्याचे जिन्नस वजनी असे दोन हिशेब शेजारी शेजारी नांदतात. खंडी, मण आणि शेर ही नावे दोन्ही हिशेबांत आढळतात. त्यामुळे नुसता ‘मण’ वाचून काहीच निष्पन्न होत नाही. तो मण कैली की वजनी हे पाहिल्यावाचून आकड्याला अर्थ नसतो.

मापी कोष्टक पिढ्यान्पिढ्या शाळांतून पाठ करून घेतले जाई. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. म्हणजे पायलीपर्यंतची सारी रचना निम्म्यानिम्म्याने उतरत जाणारी आहे. घरगुती वापरात ही दुप्पट-निमपट अत्यंत सोयीची होती, कारण लहान माप हरवले तरी मोठ्याचा अर्धा भाग नजरेने काढता येतो. पायलीच्या वर मात्र एकवाक्यता संपते. पुण्याकडे बारा पायल्यांचा मण धरीत, अन्यत्र सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी ही बहुतेक ठिकाणी समान असली, तरी मणच निरनिराळा असल्याने खंडीही गावोगावी निराळी होती. दक्षिण कोकणात व गोव्यात वीस कुडवांची खंडी चाले.

वजनी बाजूला आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा आणि पुढे नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर अशी चढण होती. येथेही कच्चा शेर आणि पक्का शेर असा भेद होताच. मुंबई शहरातील मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा होता. बंगाली पक्का मण ३७.३ किलोचा. एकाच नावाच्या दोन मणांत जवळजवळ तिपटीचा फरक होता आणि हे दोन्ही वजनीच मण होते.

शास्त्रग्रंथांतील पूर्वपीठिका

आकारमान आणि वजन यांचा मेळ घालण्याचा प्रश्न आधुनिक नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील एकोणिसाव्या अध्यायात तुला व मान यांचे सविस्तर विवेचन आहे. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण ही तेथील उतरंड परिचित आहे. अधिक लक्षणीय आहे ती द्रोणाची व्याख्या. राजकोशात भरणा घेताना वापरावयाचा द्रोण २०० पल उडीद मावेल एवढा, व्यवहारातील १८७½ पलांचा, वाटपाचा १७५ पलांचा आणि अंतःपुरातील वाटपाचा १६२½ पलांचा सांगितला आहे. पोकळ भांड्याचा आकार येथे एका ठरावीक धान्याच्या वजनाने बांधला आहे. म्हणजेच आकारमान आपल्या भरवशावर प्रमाण ठरू शकत नाही ही जाणीव त्या काळीही होती. त्याचबरोबर घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरण्यास राज्यव्यवस्थेने शास्त्राची मान्यता दिली होती, हेही नजरेआड करता येत नाही. पहिल्या व शेवटच्या द्रोणातील अंतर जवळजवळ एकोणीस टक्क्यांचे आहे.

याच अध्यायात लाकडी माप असे असावे की त्याचा चौथा हिस्सा वरच्या राशीने, ‘शिखे’ने भरून निघेल, किंवा शिखा आतच समाविष्ट असेल, असे म्हटले आहे. मराठीतील ‘शीग’ या शब्दाचा संबंध या शिखेशी जोडता येतो.

आयुर्वेदाच्या परंपरेत शार्ङ्गधरसंहितेने कुडवाचे भांडे चार अंगुळे रुंद व तितकेच खोल असावे असे सांगितले असून, प्रस्थापासून पुढच्या मानांत द्रव व ओल्या वनस्पती दुप्पट घ्याव्यात हा नियमही दिला आहे. मानाचे नाव एक असले तरी कोरड्या आणि द्रव पदार्थांना ते एकसारखे लावता येत नाही हे या परंपरेने नियमातच बांधून टाकले होते.

शिगेचे राजकारण

मापाचा खरा इतिहास त्याच्या काठाच्या वर घडतो. धान्य भांड्यात ओतले की ते काठाशी थांबत नाही, वर शंकूच्या आकाराची रास होते. हीच शीग. हाताने किंवा काठीने ती उतरविली तर माप सपाट होते. गहू-ज्वारीसारख्या कोरड्या धान्याचा स्वाभाविक उतार सुमारे २५ ते २८ अंशांचा असतो. त्यावरून साधे गणित करता येते. भांड्याची उंची त्याच्या व्यासाइतकी असेल तर शिगेत भांड्याच्या सुमारे आठ टक्के धान्य जादा मावते. उंची त्रिज्येइतकी असेल तर हे प्रमाण सतरा टक्क्यांवर जाते. भांडे आणखी पसरट करून उंची त्रिज्येच्या निम्मी ठेवली तर एकतृतीयांश धान्य शिगेत येते. म्हणजे आतील आकारमानात कणभर फरक न करता, केवळ भांडे रुंद घडवून, मापाचे मूल्य बदलता येत होते. ‘मापात पाप’ ही म्हण याच ठिकाणी शब्दशः खरी ठरते. मात्र त्या पापाला भोक पाडलेल्या भांड्याची आवश्यकता नव्हती.

उसनवारीच्या व्यवहारात याचे परिणाम तीव्र होते. पावसाळ्याच्या तोंडावर बी-बियाणे व पोटाचे धान्य कर्जाऊ घेऊन सुगीला दीडपट परत करावयाचे, ही वाढीदिढीची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र परिचित होती. देताना सपाट आणि घेताना शिगेचे माप पडले, तर कागदावरील दीडपट प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक होई. उंचीएवढी त्रिज्या असलेल्या भांड्याने दहा सपाट मापे उचललेल्या कुळास पंधरा शिगेची मापे, म्हणजे साडेसतरा सपाट मापे, परत करावी लागत. व्याज पन्नास नव्हे तर पंचाहत्तर टक्के झाले, आणि ते कोणत्याही खतात लिहिलेले नव्हते.

तरीही शीग ही केवळ लबाडीची खूण मानणे एकांगी होईल. खळ्यावर मजुरी देताना, बलुतेदाराचा वाटा घालताना किंवा भिक्षा वाढताना शिगेचे माप अपेक्षित असे. ते उदारपणाचे दृश्य चिन्ह होते. देणाऱ्याचा हात सर्वांसमक्ष दिसत होता. मापारी खळ्यावर मोजू लागला की पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे आणि मग दोन, तीन असे पुढे जाई. हिशेबाचा प्रारंभच शुभचिंतनाने करण्याची ही रीत मापनाला सामाजिक विधीचे स्वरूप देणारी आहे. नववधूने उंबरठ्यावरील तांदळाचे माप पायाने लवंडून घरात यावे, या विधीतही भरलेले पात्र हेच समृद्धीचे प्रतीक आहे. त्या जागी किलोचे वजन ठेवण्याची कल्पना कोणाला सुचलेली नाही.

तराजूच्या व्यवहारात शिगेची जागा झुकत्या पारड्याने घेतली. मराठीत पक्षपातालाही ‘झुकते माप देणे’ म्हणतात. झुकते ते पारडे, माप कधी झुकत नाही. परंतु भाषेने दोन्ही पद्धती एकाच वाक्प्रचारात मिसळून टाकल्या आहेत.

इंग्रजी अंमल : पौंडांच्या रकान्यातील धान्य

ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा प्रमाण ठरविला. त्यावर ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण अशी रचना उभी राहिली. जेम्स प्रिन्सेप याने १८३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील वजनांची तुलना शक्य झाली. या सर्व खटाटोपाचा पाया वजन हाच होता, कारण नाणे आणि घाऊक व्यापार या दोन गोष्टींत कंपनीला रस होता. चिपटे व निळवे यांच्याशी तिला कर्तव्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर तयार झाले. रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० मध्ये, तर पुण्याचा १८८५ मध्ये निघाला. या खंडांत धान्याचे भाव रुपयाला अमुक पौंड अशा रीतीने दिलेले आढळतात. गावच्या बाजारात मात्र भाव रुपयाला अमुक शेर किंवा पायल्या असाच बोलला जाई आणि तो शेर बहुशः मापी होता. मापी शेरापासून पौंडापर्यंतच्या प्रवासात कोणीतरी, कोणत्यातरी धान्याची घनता गृहीत धरून, रूपांतर केलेले आहे. ते गृहीतक रकान्यात दिसत नाही.

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या ठिकाणी विशेष सावध राहावयास हवे. एक लिटर आकारमानाच्या भांड्यात गहू सुमारे ७७० ग्रॅम, ज्वारी सुमारे ७५० ग्रॅम, तांदूळ ८०० ते ८५० ग्रॅम आणि सालीसह भात अवघा ५५० ते ६०० ग्रॅम मावतो. तांदळाचा आकडा भाताला लावला तर चाळीस ते पन्नास टक्क्यांची चूक होते. कोकणातील खंड व मक्ते यांचे जुने हिशेब भाताच्या खंडीत आहेत, तर शहरी बाजारभाव तांदळाचे आहेत. या दोहोंची सांगड घालताना ही चूक सहज शिरते. कोकणी शेतकऱ्याचा जुना अंदाज असा की दोन मापे भात कांडला तर जेमतेम एक माप तांदूळ हाती लागतो. वजनाने पाहिले तर मात्र भातातून सुमारे दोनतृतीयांश तांदूळ निघतो. दोन्ही विधाने खरी आहेत. एक मापाचे आहे आणि दुसरे तराजूचे.

मुंबई प्रांताने १९३२ मध्ये वजने व मापे यांचा स्वतंत्र कायदा केला. पुढे १९३९ मध्ये मध्यवर्ती सरकारने केलेल्या कायद्याचे नाव आणि व्याप्ती दोन्ही ‘वजनाची प्रमाणे’ एवढ्यापुरतीच होती. तोळा, शेर, मण हे त्यात आले. पायली, अधोली आल्या नाहीत. अखिल भारतीय पातळीवरील प्रमाणीकरण वजनापासून सुरू झाले आणि आकारमान प्रांतांच्या हवाली राहिले. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४३ मध्ये, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिकेवर माणशी ठरावीक वजनाचे धान्य मिळू लागल्याने मुंबईकर कुटुंबांना तराजूवरच्या धान्याची सवय जिल्ह्यांच्या आधी झाली.

दशमान पद्धती आणि न दिलेले कोष्टक

वजने व मापे प्रमाण कायदा १९५६ च्या अखेरीस संमत झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने वापरात येऊ लागली, आणि एप्रिल १९६२ पासून ती देशभर अनिवार्य झाली. मुंबई राज्याने १९५८ मध्येच अंमलबजावणीचा कायदा केला आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्याकडे तो वारशाने आला. एवढ्या विशाल देशात, निरक्षरतेचे प्रमाण मोठे असताना, चार-पाच वर्षांत हा बदल घडवून आणणे ही प्रशासनाची असामान्य कामगिरी होती, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि या काळात दुकानांतून लागलेली व शाळांतून शिकविली गेलेली रूपांतर-कोष्टके तोळ्याचे ग्रॅम, शेराचे किलो, मणाचे क्विंटल आणि मैलाचे किलोमीटर अशी होती. पायलीचे किलो किती, याचे उत्तर अशा कोष्टकात देताच येत नाही. पायली लिटरमध्ये सांगता येते. परंतु दुकानदार धान्य लिटरने देणार नव्हता, किलोने देणार होता. शिगेचे तर मूळचेच कोष्टक नाही. अशा रीतीने कायद्याने दोन टोके निश्चित केली आणि मधला पूल बांधण्याचे काम घरोघरच्या स्त्रियांवर आपोआप पडले. धान्य आणावयाचे किलोने आणि शिजवावयाचे भांड्याने, ही दुहेरी व्यवस्था तेव्हापासून रूढ झाली.

ग्रामीण भागात माप एकदम गेले नाही. शेतमजुरी पायलीने देण्याची पद्धत त्यानंतरही अनेक वर्षे टिकली. शेतमालाच्या बाजारात तोलणार आणि मापाडी ही दोन नावे आजही जोडीने उच्चारली जातात, आणि १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार कायद्यानेही या दोन्ही प्रकारच्या कामगारांची दखल घेतली आहे. मापाडी आता काटाच पाहतो, पण त्याचे नाव पोकळ मापाचेच राहिले.

दळणाच्या संदर्भात या संक्रमणाची एक गमतीदार बाजू दिसते. एक माप गहू दळला की पीठ जवळपास दीड माप होते, कारण पिठात हवा अधिक कोंडलेली असते. गिरणीत गेलेला काठोकाठ डबा परत येताना ओसंडतो. वजनाने पाहिले तर दळणात थोडी घटच येते. मापाच्या व्यवस्थेत वाढलेल्या गृहिणीला गिरणीवाल्याने पीठ काढून घेतले की नाही हे डब्यावरून समजत असे. काट्यावर ती परीक्षा निराळी झाली.

स्वयंपाकघराने काय केले

स्वयंपाकघराने किलो बाहेरच्या बाहेर थोपविला. शेर-चिपटे मागे पडले तेव्हा त्यांची जागा ग्रॅमने घेतली नाही, वाटीने घेतली. कमलाबाई ओगले यांचा ‘रुचिरा’ हा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे दशमान वजने अनिवार्य होऊन आठ वर्षे लोटली होती. त्यातील कृती मात्र वाटी आणि चमचा या मापांत आहेत, आणि या ग्रंथाच्या अफाट लोकप्रियतेत या निवडीचा वाटा मोठा असावा.

या निवडीकडे मागासलेपणा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. घरगुती पाककृती ही मुळात प्रमाणाची भाषा आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे विधान वाटी केवढी आहे यावर अवलंबून नाही. वाटी एकच असली म्हणजे झाले. राज्याला आणि बाजाराला दूरच्या दोन ठिकाणी एकच परिमाण हवे असते, कारण तेथे दोन अपरिचित माणसांचा व्यवहार असतो. स्वयंपाकघरात मोजणारी, शिजवणारी आणि वाढणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिला स्थिर वजनापेक्षा स्थिर भांडे अधिक उपयोगाचे. नव्या आणि जुन्या तांदळाला पाणी कमीअधिक लागते. हा फरक काट्याला कळत नाही, हाताला कळतो.

मात्र कृती छापली गेली की ती एका घराची राहत नाही. दोनशे मिलिलिटरच्या वाटीत साखर सुमारे १७० ग्रॅम आणि तांदूळ सुमारे १६५ ग्रॅम मावतो, तर चाळलेली सैल कणीक शंभर ग्रॅमच्या आसपास. तीच कणीक दाबून भरली तर आणखी चौथा हिस्सा सहज आत जातो. भाकरी-पोळीच्या पिठात हा फरक पाण्याने सावरून घेता येतो. केक किंवा बिस्किटासारख्या भाजीव पदार्थात तो सावरता येत नाही. अमेरिकेत हाच पेच उभा राहिला तेव्हा बोस्टनच्या पाकशाळेतील फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात सपाट मापाचा आग्रह धरला. शीग उतरवून टाकणे हाच त्यांचा उपाय होता. तेथील घरगुती पाककृती आजही मुख्यतः कपाने सांगितल्या जातात, तर युरोपातील बहुतेक देशांत काटा प्रचलित आहे. मराठी पाकपुस्तकांनी मात्र वाटी सपाट की शिगेची, याचा खुलासा करण्याची गरज क्वचितच मानली. वाचक स्त्री आपल्याच परंपरेतील आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते.

द्रव पदार्थांचा प्रश्न उलट दिशेने सुटावयाचा राहिला. खाद्यतेल पाकिटातून लिटरने विकले जाते, परंतु तापमान वाढले की तेच तेल अधिक जागा व्यापते. पाकिटावर चढे तापमान नमूद करून लिटर पूर्ण दाखविला, तर प्रत्यक्ष तेल वजनाने कमी भरते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये उत्पादकांना तापमानाचा उल्लेख वगळून आकारमानासोबत वजनही छापण्याचे निर्देश दिले. धान्याला वजन लावून सहा दशके झाल्यावर तेलाच्या पाकिटावर दोन्ही मापे एकत्र आली.

शाळेच्या चुलीपाशी

आकारमानाचे वजनात रूपांतर करण्याची सर्वाधिक गरज आज लागते ती घरात नव्हे, सार्वजनिक स्वयंपाकघरात. शालेय पोषण आहाराची मध्यवर्ती योजना १९९५ मध्ये सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले, आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखली जाते. तिचे निकष ग्रॅममध्ये आहेत. प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल. उच्च प्राथमिक वर्गास अनुक्रमे १५०, ३०, ७५ आणि ७.५ ग्रॅम.

प्राथमिक वर्गातील साठ मुले हजर असतील तर सहा किलो तांदूळ, बाराशे ग्रॅम डाळ आणि तीनशे ग्रॅम तेल लागते. साठा-नोंदवहीत हेच आकडे उतरतात. चुलीपाशी मात्र स्वयंपाकी महिलेच्या हाती अनेकदा डबा किंवा पातेले असते. सहा किलो तांदूळ म्हणजे साधारण सव्वासात लिटर. तिने एक लिटरचा पसरट डबा घेऊन सात वेळा शिगेने तांदूळ काढला, तर उंची त्रिज्येइतकी असल्यास सुमारे ६.७ किलो तांदूळ निघतो. सपाट काढला तर ५.७ किलोच निघतो. पहिल्या रीतीने महिनाअखेरीस साठा कमी पडतो आणि जाब तिला किंवा मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. दुसऱ्या रीतीने नोंदवही जवळजवळ जुळते. मात्र रोज साठ मुलांच्या ताटांतून मिळून सुमारे तीनशे ग्रॅम तांदूळ उणा होतो. तीनशे ग्रॅम तेल म्हणजे तीनशे मिलिलिटर नव्हे, तर सुमारे तीनशे तीस. डाळ बदलली की डब्याचे वजनही बदलते, कारण मूग, मसूर व तूर यांचे दाणे सारख्या आकाराचे नाहीत.

काटा असलेल्या शाळेत हा प्रश्न मिटतो. जेथे तो नाही किंवा बिघडलेला आहे, तेथे एकदाच प्रत्येक जिन्नस तोलून त्या डब्याच्या आतल्या अंगास खूण करून ठेवणे शक्य असते. तांदळासाठी एक, तूरडाळीसाठी दुसरी, आणि खुणेपर्यंत सपाट भरावयाचे. २०० पल उडदाने द्रोणाची मर्यादा ठरविताना याहून निराळे काही केलेले नव्हते.